हात कानाला पोचला

आमच्या पेन्शनरांच्या कट्ट्यावर परवा एक जूनला सात जणांचा वाढदिवस एकदम साजरा झाला. केक एकच. त्यावर सात नावं मावेनात, म्हणून नुसतं 'अभिनंदन' लिहिलेलं. एकजण म्हणाला, आपल्या आया काय ठरवून एकाच दिवशी बाळंत झाल्या होत्या की काय, आणि सगळे खो खो हसले. मी केकचा तुकडा कागदी बशीत तसाच ठेवला आणि घरी निघून आलो. पन्नास वर्षं झाली, तरी एक जून म्हटलं की माझं डोकं फिरतं. ते ठुबे साहेबांमुळे फिरतं, आणि त्यात थोडं माझ्यामुळेही.

सोपान ठुबे आमच्या साखर कारखान्यात शेतकी ओव्हरसियर होते. मूळ पारनेर तालुक्यातले, कोरडवाहू घरातले, पुण्याच्या शेतकी कॉलेजात पदवी घेतलेले. उंच, काटक माणूस, आणि हात इतके लांब की शर्टाची बाही कधी मनगटापर्यंत पोचली नाही. शिंप्याला ते दरवर्षी शिव्या देत आणि शिंपी दरवर्षी तेवढंच कापड कमी धरी. मी शेतकी खात्यात टायपिस्ट होतो. मला ते 'भाऊसाहेब' म्हणत. आमच्याकडे भाऊसाहेब हा मानाचा शब्द, पण ठुबे साहेबांच्या तोंडून तो आला की आपलं कुठंतरी चुकलंय हे समजून घ्यायचं.

त्यांना वाट बघणं सोसत नसे. खिशात साखळीचं घड्याळ असे, आणि ते वेळ बघायला कमी, दुसऱ्याचा गुन्हा पकडायला जास्त वापरत. चहा सांगितल्यापासून टेबलावर यायला किती वेळ लागतो, फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जायला किती दिवस घेते, सगळं मोजलेलं. एकदा हेडक्लार्कच्या टेबलावर त्यांनी एका फाइलीवर खडूनं तारीख घातली आणि रोज येऊन नुसती बघून जायचे. नवव्या दिवशी हेडक्लार्कनं ती फाइल हातात घेतली ती वैतागून, कामाच्या आवडीनं नव्हे. साहेबांचं एक ठरलेलं वाक्य होतं. कोणी म्हणालं, जरा थांबा, काय बिघडतंय, की ते म्हणत, "उभा बैल बी खातोच की." इंग्रजी उत्तम होतं त्यांचं, पण राग आला की पारनेर बाहेर येई, आणि राग रोज येई.

या बैलाच्या वाक्याला कारण होतं. गळिताचा हंगाम सुरू झाला की जामखेड-पाथर्डीकडच्या टोळ्या ऊसतोडीला आमच्या भागात यायच्या. उसानं भरलेल्या बैलगाड्या कारखान्याच्या गाडीतळावर रांगेत उभ्या राहायच्या. कधी एक दिवस, कधी दोन, तिसराही उजाडायचा. ऊस वाळायचा, वजन घटायचं, बैल जुवाखाली उभे. आणि चेअरमनच्या भावकीच्या गाड्या बाजूच्या फाटकातून थेट वजनकाट्यावर जायच्या. हे सगळ्यांना दिसत होतं आणि सगळे वर्षानुवर्षं दुसरीकडे बघत होते. मीही बघत होतो. एका जानेवारीत एक बैल रांगेतच बसला तो उठला नाही. गाडीवान त्याच्या तोंडाशी पाण्याची बादली धरून बसला होता. ठुबे साहेब तिथं आले, घड्याळ काढलं, परत खिशात घातलं, आणि त्या दिवशी कुणालाही शिवी न देता घरी गेले. आम्हाला तेव्हाच भीती वाटली होती.

पुढच्या हंगामाआधी त्यांनी तेलाचे रिकामे डबे कापून पत्र्याच्या चकत्या करवून घेतल्या, त्यावर रंगानं आकडे घातले. गाडी तळावर आली की तिला नंबराची चकती मिळायची. बैल सोडायचे, दावणीला बांधायचे, माणसानं भाकर खायची, झोपायचं. नंबर पुकारला की गाडी जुंपून काट्यावर. बाजूचं फाटक बंद. साहेबांनी त्याला स्वतः कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली, घड्याळाच्या शेजारी.

पहिल्या दिवशी सगळं फसलं. नंबर पुकारले जात होते आणि गाड्या हलत नव्हत्या. सतरा नंबर पुकारला तर सतरावाला म्हणतो, माझा चुलतभाऊ तेविसावा हाय, तो निघंल तवा निघतो. साहेब संतापानं लाल झाले. अडाणी, बेअक्कल, काय काय बोलले. जामखेडकडचा गहिनी नावाचा एक मुकादम सगळं ऐकून घेत बिडी ओढत होता. शेवटी तो उठला आणि म्हणाला, "साहेब, गाड्या आठ हाईत, पर चूल एकच हाय. एकटा गडी म्होरं जाऊन काय करंल?"

साहेब गाडीच्या साट्यावर बसले, खिशातून एक जुनी पावती काढली आणि तिच्या पाठीवर काहीतरी लिहिलं. मग गहिनीकडे बिडी मागितली. ते बिडी ओढत नसत. दुसऱ्या दिवशी सगळ्या चकत्या परत रंगवल्या. आता नंबर गाडीला नव्हता, टोळीला होता. आठ गाड्या एकदम येणार, एकदम सुटणार. आठवड्याभरात दोन-दोन दिवसांचं थांबणं एका दिवसाच्या आत आलं. ती पावती मी नंतर त्यांच्या टेबलाच्या काचेखाली पाहिली. तिच्यावर एवढंच होतं: गाडी मोजू नको, चूल मोज.

तुम्हाला वाटेल, कारखान्यानं त्यांना खांद्यावर घेतलं असेल. संचालकांच्या बैठकीत ठराव झाला तो असा, की ओव्हरसियर ठुबे हे शेतकी खात्याचे असून गाडीतळाचं नियोजन हा त्यांच्या पात्रतेचा विषय नाही, सबब त्यांनी लागवडीकडे लक्ष द्यावं. फाटकाची किल्ली परत मागितली गेली. तो ठराव मीच टाईप केला. साहेबांनी तो उभ्या उभ्या वाचला आणि मला म्हणाले, "भाऊसाहेब, अक्कल माझ्यापाशी हाय. त्या अकलेचा कागद न्हाई."

म्हणून त्यांनी कागद मिळवायचं ठरवलं. एका मोठ्या संस्थेत व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम होता, सगळा पोरसवदा मुलांसाठी. पण थोड्या जागा नोकरीत मुरलेल्या माणसांसाठी ठेवल्या होत्या. वयाची अट चाळीसच्या आत. इंग्रजी पेपरातलं ते कात्रण त्यांनी मला दाखवलं तेव्हा मला हसू आलं, आणि ते त्यांनी पाहिलं. कारखान्यात बातमी फुटायला काय वेळ लागतो. चाळिशीचा बाप्या पाटी-दप्तर घेऊन निघाला, पोरीच्या लग्नाच्या वयात हा बालवाडीत बसणार, असं काय काय सुरू झालं. साहेब मात्र दुपारच्या सुटीत थोरल्या मुलीचं अकरावीचं गणिताचं पुस्तक उघडून बसत. लॉगॅरिथम विसरले होते. मुलगी घरी उत्तरं तपासून द्यायची आणि चूक निघाली की ते पुस्तकावरच ओरडत.

अर्ज मी टाईप केला. एका रकान्यात विचारलं होतं, इतक्या वर्षांनी क्षेत्र का बदलू इच्छिता. साहेबांनी बैलाचं लिहिलं, चुलीचं लिहिलं. मी म्हणालो, साहेब, इंग्रजीत चूल बरी दिसेना. ते म्हणाले, न दिसू दे, तू टाईप कर. मुलाखतीला मुंबईला बोलावणं आलं. तिथं मुलाखत घ्यायला त्यांच्यापेक्षा लहान वयाची तीन माणसं होती. एकानं विचारलं, बावीस वर्षांच्या मुलांबरोबर बसायला तुम्हाला जमेल का? साहेब म्हणाले, मी गहिनी मुकादमाकडून शिकलो, तो तर शाळेतच गेला नव्हता. मग त्यांनी चुलीची गोष्ट सांगितली, आणि तिघांपैकी एकजण ती लिहून घेत होता. परत आले तेव्हा त्यांनी मला हे सगळं दोनदा सांगितलं. दोनदा सांगण्याची त्यांची रीत नव्हती. निवड झाली होती. फक्त वयाचा दाखला कारखान्याकडून थेट संस्थेला जायचा होता.

आणि तिथं तो एक जून आडवा आला.

अर्जात साहेबांनी आई सांगे ते वय लिहिलं होतं, पण नोकरीच्या कागदावर त्यांचा जन्म एक जूनचा होता. त्या हिशेबानं अभ्यासक्रम सुरू होणाऱ्या जुलैत ते एक्केचाळीस वर्षं आणि एक महिन्याचे होणार होते. त्यांची आई पारनेरला होती. तिला विचारलं तर ती म्हणाली, "तू झालास तवा बाजरी खळ्यात हुती. जूनात कुठली आलीय बाजरी?" थोरल्या भावाला शाळेत घातलं त्या दिवशी धाकट्यालाही नेलं होतं. आई खुरपायला जायची, घरी सांभाळायला कोणी नव्हतं. चौथं सरून पाचवं लागलेलं पोर. खरं वय एकोणचाळीस वर्षं आठ महिने. फरक सतरा महिन्यांचा, आणि त्या सतरा महिन्यांवर सगळं अडकलं. गावच्या जन्मनोंदीच्या वहीची ती वर्षं वाळवीनं खाल्लेली निघाली.

साहेब मला घेऊन त्यांच्या रामभाऊ गुरुजींकडे गेले. मला का नेलं, तर प्रतिज्ञापत्राचा मसुदा तिथंच लिहून घ्यायला. गुरुजी सत्तरी ओलांडलेले, ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. साहेबांनी आल्या आल्या नमस्कार केला आणि मग भांडायलाच सुरुवात केली. गुरुजी, तुम्ही माझं वय लिहिलंत ते कशावरून लिहिलंत? गुरुजी शांतपणे म्हणाले, "कशावरून म्हंजे? हातावरून." उजवा हात डोक्यावरून नेऊन डाव्या कानाला लावायला सांगायचा. पोचला, तर पोरगं सहा वर्षांचं. न पोचला, तर पुढच्या वर्षी या. जन्मतारीख कुणाला ठाऊक नसे, म्हणून सगळ्यांना एक जून. तुझे हात बापासारखे, म्हणाले, पहिल्या झटक्यात पोचला. पहिलं वर्ष सगळं तू माझ्या टेबलाखाली झोपून काढलंस, तेव्हाच मला कळलं होतं की हे पोर सहाचं नव्हे. पण लिहिलेलं खोडायचं कसं?

माझी खात्री होती की म्हातारा सही करणार नाही. त्यांच्या रजिस्टरावर तीनेकशे माणसं नोकरीला लागली होती, कुणी तलाठी, कुणी फौजदार. एकाचं खोटं म्हटलं तर सगळ्यांचं हलणार. साहेबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते निघायला उठले. गुरुजींनी शेंगांची फोलपटं झटकली, काळी टोपी घातली आणि आमच्याबरोबर एसटीनं नगरला कोर्टात आले. मी मसुद्यात लिहिलं होतं की वय अंदाजे नोंदविण्यात आले. त्यांनी ते खोडायला लावलं आणि स्वतः सांगितलं तसं लिहायला लावलं: मी मुलाचे वय मोजले नाही, मी त्याचा हात मोजला. सही केल्यावर ते साहेबांना म्हणाले, आता तरी परीक्षेत झोपू नकोस. साहेब रस्त्यात उभे राहून हसले. त्यांना मी एवढं मोठ्यानं हसताना तेवढ्या एकाच वेळी ऐकलं.

प्रतिज्ञापत्र घेऊन साहेब चेअरमनना भेटायला गेले. कार्यालयीन नोंद दुरुस्त करून दाखला द्यावा एवढीच विनंती. चेअरमननी त्यांना व्हरांड्यात बसवलं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आतून हसण्याचे, कपबशांचे आवाज यायचे, भावकीतले लोक जायचे-यायचे. ज्या माणसाला चहा उशिरा आलेला खपत नसे तो त्या बाकावर हात मांडीवर ठेवून बसून राहिला. घड्याळ काढलं नाही. मी कामाच्या निमित्तानं चार वेळा तिथून गेलो आणि चारही वेळा मान वळवली. तिसऱ्या दिवशी दुपारी आत बोलावलं. नोंदवहीसाठी मीही आत उभा होतो.

चेअरमननी प्रतिज्ञापत्र वाचलं, हात आणि कानाच्या जागी थांबून हसले, बाजूच्या दोघांना वाचून दाखवलं. मग म्हणाले, "ठुबे, सतरा महिने जादा नोकरी पायजे तर सरळ सांगा की. त्याला कॉलेजचं नाटक कशाला?"

जन्मतारीख पुढे गेली की निवृत्तीही पुढे जाते, हे खरं. तसे उद्योग करणारे लोक होते, हेही खरं. पण समोरचा माणूस नोकरी सोडून जायची परवानगी मागत होता आणि त्याच्यावर नोकरी लांबवण्याचा आळ येत होता. साहेबांनी तेवढंच सांगितलं, की मला जादा नको, मी तर सोडायलाच आलोय. चेअरमन म्हणाले, तसं सगळेच म्हणतात. बाजूचे दोघे हसले. मला आजही ते हसणं ऐकू येतं आणि आजही वाटतं की टेबलावरची दौत उचलून त्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यांवर ओतायला हवी होती. मी ओतली नाही. मी नोंदवहीत लिहिलं, विनंती अमान्य.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्कनं मला संस्थेला जाणारं पत्र टाईप करायला दिलं. इंग्रजीत चार ओळी. आमच्या नोंदीनुसार जन्मतारीख एक जून, वय एक्केचाळीस पूर्ण, दुरुस्तीची विनंती नामंजूर. गुरुजींच्या प्रतिज्ञापत्राची नक्कल त्याच फाइलीत माझ्यासमोर होती. ती पत्राला जोडू नको असं मला कोणी सांगितलं नव्हतं. जोड असंही कोणी सांगितलं नव्हतं. एक टाचणी लागली असती. मी सत्तावीस वर्षांचा होतो, नोकरी कायम व्हायची होती, घरी लग्नाचं बोलणं चाललं होतं. ही कारणं मी इतक्या वेळा उगाळली आहेत की आता ती मलाच ओळखीची वाटत नाहीत. मी पत्र टाईप केलं, सहीला ठेवलं, पाकिटात घातलं. जूनच्या शेवटी संस्थेचा नकार आला.

साहेबांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते कामावर येत राहिले. ओरडणं बंद झालं. त्या वर्षी पाऊस झाला नाही, ऊस वाळला, हंगाम नावापुरता झाला, आणि जो काही ऊस आला त्याच्यासाठी बाजूचं फाटक पुन्हा उघडलं. चकत्या भंगारात निघाल्या. दिवाळीनंतर त्यांनी राजीनामा दिला आणि भंगारवाल्याकडून चकत्यांचं पोतं उचलून घेऊन गेले. कुणीतरी म्हणालं, डोक्यावर परिणाम झालाय.

पुढच्या मार्चमध्ये मी लग्नाच्या कामासाठी जामखेडकडे चाललो होतो. दुष्काळी कामं जोरात होती. एका पाझर तलावाच्या कामापाशी एसटीचं टायर बसलं आणि आम्ही सगळे खाली उतरलो. उघड्या माळावर शेकडो माणसं मातीकाम करत होती. सुकडी, म्हणजे दुष्काळात पोरांना मिळणारं कोरडं खाणं, वाटायची वेळ होती. माझ्या लक्षात आलं की रांग नाही. बाया पोरं घेऊन, आपापल्या गावाच्या घोळक्यानं, जिथं सावली मिळेल तिथं बसल्या होत्या आणि प्रत्येक घोळक्यातल्या एकीच्या हातात रंग उडालेली पत्र्याची चकती होती. मधे एका खोक्यावर वही घेऊन ठुबे साहेब बसले होते. उन्हानं काळे ठिक्कर पडलेले. बाही अजून आखूडच होती. कुठल्याशा संस्थेनं त्यांना या कामावर घेतलं होतं, पगार निम्म्याहून कमी.

सुकडी ठराविक वयाच्या आतल्या पोरांना मिळायची. एक पोरगेला मुकादम एका मुलीचा हात धरून डोक्यावरून कानाकडे नेत होता. साहेब कडाडले, "हात सोड तिचा. आईला विचार." तो जुना आवाज ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी पुढे गेलो आणि नऊ महिन्यांत न बोललेलं बोललो. म्हणालो, साहेब, ते पत्र मी टाईप केलं होतं.

त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

"ठावं हाय. नकारासंगं संस्थेनं नक्कल धाडली हुती. तुझ्या मशीनचं एक अक्षर वर उडतं, मी रोज वाचत हुतो." मग म्हणाले, "लई स्वच्छ टाईप केलंवतंस, भाऊसाहेब. एक बी चूक न्हवती."

मी उभा राहिलो. ते मुलीच्या आईकडे वळले. विचारलं, पोरगी कधीची? बाई गोंधळली. म्हणाली, ध्यानात न्हाई, साहेब, तुमीच लिवा काहीबाही. साहेबांनी पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. म्हणाले, काहीबाही लिहायचं नाही. आठव. शेतात काय होतं तेव्हा? बाई पदर तोंडाला लावून विचार करू लागली. तिच्या मागं बसलेल्या बायाही आपसात आठवू लागल्या, कुणी म्हणे हरभरा होता, कुणी म्हणे त्याच्या आधी, तूर. ड्रायव्हरनं टायर बदललं, हॉर्न दिला, पुन्हा दिला. मी गाडीत चढून खिडकीतून मागं बघितलं. बाईला अजून आठवत नव्हतं. साहेबांचे लांब हात गुडघ्यांवर होते, घड्याळ खिशात होतं, आणि ते तिच्या तोंडाकडे बघत नुसते थांबले होते.